'स्मृतिचित्रे' आणि संशय

'स्मृतिचित्रे' आवडत नाही असे म्हणणारा मराठी वाचक मला अद्याप भेटावयाचा आहे. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींत तर हे पुस्तक विशेष प्रिय आहे. बदलीचा हुकूम हाती पडला की पुस्तकांच्या पेटीत काय ठेवावे आणि रद्दीत काय घालावे याचा खल सुरू होतो. त्या चाळणीतून दर खेपेस जी चार-सहा पुस्तके सहीसलामत सुटतात, त्यांत लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र बहुधा असतेच. परंतु ते का आवडते असे विचारले, तर उत्तरे ठराविक मिळतात. भाषा किती साधी! विनोद किती निर्मळ! लहरी नवऱ्याचा संसार ओढणारी बाई किती धीराची! ही सर्व उत्तरे खरी आहेत. आणि तरीही ज्या गोष्टीभोवती हे सारे पुस्तक फिरते, ती गोष्ट या उत्तरांत कोठेच येत नाही.

आमच्या येथील मंडळाच्या वाचनालयात 'स्मृतिचित्रे' हे 'स्त्रियांचे वाङ्मय' अशी चिठ्ठी चिकटवलेल्या कपाटात आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे 'धर्म' या कपाटात आहे आणि त्या कपाटाची किल्ली मागितली की कार्यवाहांची धांदल उडते. ही वाटणी कोणी मुद्दाम केली असेल असे मला वाटत नाही. पण आपल्या टीकेनेही नेमकी हीच वाटणी केलेली आहे. पदमनजींनी आपला धर्म का सोडला हे सांगितले, म्हणून ते धर्माचे पुस्तक. लक्ष्मीबाईंनी चूल, पाणी, मुले आणि नवरा यांच्याविषयी सांगितले, म्हणून ते संसाराचे पुस्तक. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत धर्मांतर हा जणू एक अपघात. गाडी रुळावरून घसरावी तसा. घसरण्यापूर्वीची आणि घसरल्यानंतरची हकीकत तेवढी गोड मानून घ्यावयाची, आणि मधल्या प्रसंगाविषयी सभ्यपणे मौन पाळावयाचे, असा आपला परिपाठ आहे.

माझे म्हणणे असे की, संशयात सापडलेले मन श्रद्धेपर्यंत कसे येते, याचा मराठीतील सर्वांत प्रामाणिक वृत्तांत 'स्मृतिचित्रे' हा आहे. आणि तो तसा आहे हे आपल्या लक्षात येत नाही, कारण त्यातला संशय पुस्तकी भाषेत बोलत नाही. हे दाखवावयाचे तर ती दोन कपाटे एकदम उघडावी लागतील.

प्रथम 'अरुणोदय'. बाबा पदमनजी हे १८३१ साली बेळगावास जन्मले, १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८८ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मराठीतल्या पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. 'यमुनापर्यटन' या १८५७ च्या कादंबरीमुळे त्यांचे नाव वाङ्मयेतिहासात येते. 'अरुणोदया'ची मात्र नुसती नोंद होते. हा ग्रंथ वाचण्यास कंटाळवाणा आहे असा समज आहे, तो खरा नव्हे. भाविक घरातील मुलाचे बालपण, त्याची देवपूजा, पुढे मिशनच्या शाळेतील शिक्षण, मित्रांशी वाद, कुटुंबाला काय वाटेल या धास्तीने पुन्हा पुन्हा मागे घेतलेले पाऊल, या सर्वांचे वर्णन पदमनजी मोठ्या इमानाने करतात. विशेषतः मुंबईच्या परमहंस सभेविषयी त्यांनी जे सांगितले आहे, त्याचे मोल इतिहासकारांनाही कळलेले आहे. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही गुप्त सभा जातिभेद मानीत नसे. परजातीच्या हातचे खाल्ल्यावाचून सभासद होता येत नसे. पण हे सारे दारे लावून! बाहेर पडले की प्रत्येक जण आपापल्या जातीत परत. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली आणि नावे उघड होतील या भयाने सभाच आटोपली. पदमनजी या सभेत होते, आणि त्यांना तेथे समाधान लाभले नाही. चोरून मोडलेली जात ही मोडलेली जात नव्हे, हे त्यांनी फार लवकर ओळखले असे दिसते.

तथापि 'अरुणोदया'त एक मूलभूत अडचण आहे, आणि ती त्याच्या नावातच आहे. अरुणोदय झाला हे ज्याला ठाऊक आहे, तोच रात्रीची हकीकत सांगत आहे. बाप्तिस्मा आणि ग्रंथ यांच्यामध्ये चौतीस वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात पदमनजी पाद्री झाले, ग्रंथकार झाले, वादपटू झाले. त्यामुळे तरुणपणचा प्रत्येक संशय त्यांच्या हातून कागदावर उतरताना आपले उत्तर बरोबर घेऊनच उतरतो. मूर्तिपूजेविषयी शंका आली, तर तिच्या पाठोपाठ खंडन येते; पुराणांतील विसंगती दिसली, तर तिच्या शेजारी शास्त्राचे वचन उभे राहते. वाचकास कोठेही असे वाटत नाही की, हा मुलगा कदाचित उलट्या दिशेनेही गेला असता. संशयाचे निष्पन्न आधीच ठरलेले असले म्हणजे तो संशय राहत नाही. वकिलाने पूर्वपक्ष मांडावा तसा तो मांडला जातो. पदमनजींना मी दोष देत नाही. ज्या काळात प्रत्येक धर्मांतरितास कोर्टात उभे केल्यासारखे जाब विचारले जात होते, त्या काळात आत्मचरित्र हे कैफियतीचे रूप घेणारच. पण कैफियत वाचून आपण निकाल देतो. त्या माणसाबरोबर जागरण करीत नाही.

आता राजनांदगावच्या गाडीकडे येऊ.

आपल्यापैकी ज्यांना हावड्याच्या मार्गाने जावे-यावे लागते, त्यांनी नागपूर सोडल्यानंतर येणारे हे स्थानक शेकडो वेळा पाहिले असेल. आज ते छत्तीसगढात आहे. १८९३ मध्ये ते एका लहान संस्थानाचे ठिकाण होते. नारायण वामन टिळक नोकरीसाठी तिकडे निघाले असता डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. काव्यावर बोलणे झाले, धर्मावर झाले, आणि उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत देऊन, तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक उघडले ते डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले, आणि मग पुढे सुटले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरे ठरले.

ही गोष्ट सर्वांना आवडते. मला ती थोडी जास्तच नीटनेटकी वाटते. गाडी, अनोळखी सज्जन, पुस्तक, भविष्यवाणी आणि ठरल्या मुदतीत तिचा पडताळा! ती खोटी आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु धर्मांतराच्या कथांना अशा एका क्षणाची ओढ असते. संत ऑगस्टीनच्या 'कबुलीजबाबां'तही मिलानच्या बागेत एका मुलाचा आवाज ऐकू येतो, तो पुस्तक उचलतो, आणि पुढील दीड हजार वर्षांच्या धर्मांतरितांना आपापली बाग शोधावी लागते. टिळकांना ती आगगाडीच्या डब्यात सापडली. या दोन वर्षांत त्यांच्या मनात काय चालले होते, किती रात्री त्यांनी आपल्याशीच वाद केला, हे त्यांनी आत्मचरित्र लिहून सांगितलेले नाही. आपल्याला ते कळते ते ज्या व्यक्तीपासून त्यांनी ते लपविले तिच्याकडून. म्हणजे पत्नीकडून.

येथे 'स्मृतिचित्रे'चे वेगळेपण सुरू होते. या पुस्तकात टिळकांचा संशय आहे तो बाहेरून पाहिलेला: न सांगता निघून जाणे, पत्रे, घरात वाढलेली कुजबुज, आणि एके दिवशी येऊन पडलेली बातमी. त्या बातमीनंतर लक्ष्मीबाईंची जी अवस्था झाली, ती त्यांनी कोणताही अलंकार न घालता सांगितली आहे. नवरा जिवंत असून नाहीसा झाला. त्याला मेला म्हणता येत नाही आणि आहे म्हणता येत नाही. कुंकू आहे, संसार नाही. लहान दत्तू पदरी. माहेरची, सासरची, शेजारची माणसे सांत्वनास येतात आणि जखमेवर बोट ठेवून जातात. पंढरपुरासारख्या क्षेत्रात राहून विठोबाच्या दारी त्या आपले गाऱ्हाणे नेतात. या भागातील लक्ष्मीबाई कट्टर आहेत. नवऱ्याने जे केले ते पाप आहे, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही. संशय आहे तो एवढाच, की देवाने आपल्यालाच हे का दाखवावे? मराठी बाईला हा प्रश्न नवा नाही. आपल्या साऱ्या संतकवितेत देवाशी केलेले भांडण भरलेले आहे, आणि तुकोबांच्या गाथेतून ते भांडण काढून टाकले तर किती अभंग उरतील हे सांगणे कठीण आहे.

पण लक्ष्मीबाईंचा खरा संशय वेगळ्याच ठिकाणी वाढत होता, आणि त्याचे बी पुस्तकाच्या पहिल्या पानांतच आहे. ते बी म्हणजे त्यांच्या वडिलांचे सोवळे.

नाशिकजवळच्या जलालपूरचे हे घर मराठी वाङ्मयात अजोड आहे. सत्तावन्नच्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या मातामहांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या अंगात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आलेली वस्तू पाण्यातून निघाल्याशिवाय घरात यावयाची नाही. माणसांनी सारखे धूत राहावयाचे, आणि काही चुकले की वडिलांचा संताप. मुले भीतीने थरथरतात आणि पाठ फिरताच हसतात. वाचकही हसतो. आपण हसतो आणि पुढे जातो. 'काय गमतीचे म्हातारे!' म्हणतो. परंतु लेखिकेने हे चित्र पुस्तकाच्या दाराशी टांगून ठेवले आहे, ते काही केवळ गंमत म्हणून नव्हे. ज्या मुलीने विटाळाची कल्पना तिच्या टोकापर्यंत गेलेली पाहिली, धर्माच्या नावाखाली एका चांगल्या माणसाचे आणि त्याच्या घराचे हाल झालेले पाहिले, त्या मुलीला त्या कल्पनेची भीती आणि तिचे हास्यास्पदत्व ही दोन्ही एकाच वेळी ठाऊक झाली. भीती अंगात मुरली. हसू तळाशी राहिले. पुढली वीस-पंचवीस वर्षे भीतीचे राज्य होते. मग एके रात्री ते हसू वर आले.

ती रात्र हा या पुस्तकाचा मध्यबिंदू आहे. सुमारे चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगर भागात (आजच्या अहिल्यानगरकडे) टिळकांबरोबर राहू लागल्या, पण आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी निराळे ठेवून. त्यांनी नवऱ्याला स्वीकारले, त्याच्या हातच्या पाण्याला नाही. ही व्यवस्था काही काळ चालली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. एरवी संसारात त्यांनी लक्ष्मीबाईंवर कमी जुलूम केले नव्हते. आणि मग एकदा अंथरुणावर पडल्या पडल्या लक्ष्मीबाई विचार करू लागल्या. ही जात कोणी केली? देवाने केली असती, तर पशुपक्ष्यांत जसे त्याने भेद उघड दाखविले तसे माणसांतही दाखविले असते. ब्राह्मण कोण आणि महार कोण हे शरीर पाहून कळले असते. तसे कळत नाही. त्या अर्थी ही जात माणसांची करणी. असा विचार करीत त्या रात्र काढतात, आणि सकाळी उठून ज्यांच्या हातचे कधी घेतले नसते त्यांच्या हातचे घेतात. टिळक थक्क होतात.

एखाद्या शास्त्र्याने हा युक्तिवाद चार वाक्यांत उडवून लावला असता, हे खरे. अधिकारभेद, कर्मविपाक, गुणकर्मविभाग अशी कितीतरी हत्यारे आपल्याकडे तयार आहेत. खुद्द पदमनजींचे वाद याहून किती तरी पटींनी विद्वत्तापूर्ण आहेत. तरीही मला 'अरुणोदया'तील एकही खंडन आठवत नाही आणि ही अडाणी वाटणारी रात्र विसरत नाही. याचे कारण केवळ शैली नव्हे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत विचार आणि कृती यांच्यामध्ये फक्त एक पहाट आहे. पदमनजींना अनेक वर्षे पटत होते आणि घोट घेववत नव्हता. लक्ष्मीबाईंना पटले तेव्हा त्यांनी पेला तोंडाला लावला.

याहून महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे, आणि आजवर तिच्याकडे द्यावे तितके लक्ष दिले गेलेले नाही असे मला वाटते. 'अरुणोदया'त आधी श्रद्धा येते. जात सोडणे ही त्या श्रद्धेची द्यावी लागणारी किंमत. परमहंस सभेतला चोरून खाल्लेला घास पदमनजी जमेस धरीतच नाहीत. लक्ष्मीबाईंचा क्रम नेमका उलटा आहे. त्या रात्री त्या ख्रिस्ती झालेल्या नाहीत. ख्रिस्ताचा त्या विचारात पत्ताही नाही. आधी सोवळे सुटले. ख्रिस्त मागाहून, हळूहळू, जवळजवळ न सांगता आला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा छप्पन्नच्या दुष्काळाने देश होरपळत होता. टिळकांच्या घरी अनाथ मुले येऊन राहत होती, आणि कालपर्यंत ज्यांची सावली चालत नव्हती अशांच्या मुलांना ही जलालपूरची मुलगी न्हाऊमाखू घालीत होती. श्रद्धा आली असेल तर ती या मार्गाने आली. कोणत्या क्षणी आली हे त्या सांगत नाहीत, आणि मला वाटते त्यांना सांगता आले नसते. ज्याला आपण धर्मांतर म्हणतो त्याला त्यांच्या पुस्तकात एकच ठळक प्रसंग नाही. बाप्तिस्म्याचा समारंभही त्या इतक्या सहजपणे उरकतात, की अनेक वाचकांना तो आठवतसुद्धा नाही.

यावर असा आक्षेप येईल की, मग ही सामाजिक सुधारणेची कथा झाली. हिच्यात श्रद्धा कोठे आहे? जातिभेद सोडावयास ख्रिस्ती व्हावे लागते काय? आक्षेप रास्त आहे, आणि 'स्मृतिचित्रे'ची एक खरीखुरी उणीव तो दाखवितो. ख्रिस्त आपल्याला कोण होता हे लक्ष्मीबाई या पुस्तकात कोठेही सांगत नाहीत. पुढले भाग तर बरेचसे आठवणींच्या ओघात वाहत जातात. पाहुणे, प्रवास, घरबदल, टिळकांच्या विसरभोळेपणाच्या कथा. आख्यानाचा वेग सांभाळता सांभाळता अंतरीची गोष्ट बाजूला राहते. इतकी स्पष्टवक्ती बाई नेमक्या याच गोष्टीविषयी अबोल का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत होता. मला सुचलेले उत्तर 'स्मृतिचित्रे'च्या बाहेर आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य आरंभिले आणि सुमारे दहा अध्याय होऊन ते थांबले. १९१९ साली टिळक वारले. ते काव्य पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना जोडाक्षरे लिहिण्याची पंचाईत, त्यांनी साठांहून अधिक अध्याय रचले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. काव्य म्हणून त्याची योग्यता मध्यम आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु नवऱ्याने अर्धवट टाकलेले ख्रिस्ताचे चरित्र एक वृद्ध विधवा अध्यायामागून अध्याय लिहीत बसली, ही गोष्ट माझ्या मते पुरेशी साक्ष आहे. गद्यात त्या संसाराविषयी बोलल्या आणि देवाविषयी ओवीत बोलल्या. जात्यावर बसणाऱ्या मराठी बाईने यापूर्वीही असेच केले आहे.

श्रद्धा सापडली म्हणजे संशय संपला, हीही एक पुस्तकी समजूत आहे, आणि आपल्याच लोकांची चरित्रे ती खोडून काढतात. काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्राबाहेर वाढलेला हा चित्पावन पंडित. १८२५ चा जन्म. मिशनऱ्यांना वादात हरविण्यास निघाला, जॉन म्यूरच्या ग्रंथाला उत्तर म्हणून संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला, आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाला. पुढे त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहून षड्दर्शनांचे खंडन केले. एवढे खंडन करणाऱ्या माणसाचे मन निश्चिंत असेल असे वाटावे! परंतु त्यांचे चरित्र सांगते, की बाप्तिस्म्याच्या वेळी आणि त्यानंतरही शंकांनी त्यांचा पिच्छा कधी सोडला नाही. ज्या तर्काने त्यांना बाहेर काढले, तोच तर्क त्यांना नव्या घरातही झोपू देईना. १८९५ मध्ये मुंबईस ते वारले. टिळकांनी त्याच शहरात त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला होता.

पंडिता रमाबाईंचे तर याहून विलक्षण. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना ख्रिस्ती झालेली बाई ख्रिस्ती धर्मगुरूंशी त्रैक्याच्या सिद्धांतावर किती निर्भयपणे भांडते हे पाहून आश्चर्य वाटते. एक गुरुपीठ सोडले ते दुसऱ्या गुरुपीठाला मान वाकविण्यासाठी नव्हे, हे त्या पुन्हा पुन्हा बजावतात. आणि १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो कित्येक वर्षांनी. टिळकांचेही तसेच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगणाऱ्या या कवीने १९१७ साली मिशनचा आश्रय सोडला, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बावीस वर्षांनंतरही त्यांना वाटत होते, की ज्या घरात आपण आलो ते घर अजून नीट आपले झालेले नाही.

या तिघांच्या शेजारी लक्ष्मीबाईंना बसविले की एक फरक दिसतो. या तिघांचा संशय सिद्धांताचा होता, म्हणून सिद्धांत बदलल्यावरही तो नव्या सिद्धांताला चिकटला. लक्ष्मीबाईंचा संशय हाताचा आणि तोंडाचा होता. कोणाच्या हातचे तोंडात घालावे, हा. तो एकदा फिटला तो कायमचा फिटला. बाप्तिस्म्यानंतरच्या पानांत त्यांचे अज्ञान दिसते, चिडणे दिसते, गरिबी दिसते. डळमळणे दिसत नाही. यावरून त्यांची श्रद्धा रमाबाईंच्या श्रद्धेहून खोल होती असे मी म्हणणार नाही. कदाचित ती उथळ जागी होती, म्हणून तिचा तळ लवकर लागला. पण पाय टेकला होता एवढे निश्चित.

प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही आणि होईल असा संभवही नाही. तेव्हा या पुस्तकाने मला अस्वस्थ का करावे? गेल्या बदलीच्या वेळी ते मी पुन्हा वाचले, तेव्हा ध्यानात आले. माझ्या आजीचे सोवळे मी लहानपणी पाहिले आहे. ओलेत्याने भरलेली कळशी आणि तिला शिवल्याबद्दल बसलेली चापट मला आठवते. आज त्यातले माझ्या घरी काहीही उरलेले नाही. कचेरीच्या उपाहारगृहात चहा कोण करतो, वसाहतीतल्या टाकीचे पाणी कोण भरतो, हे मी कधी विचारीत नाही आणि आपल्यापैकी कोणीही विचारीत नसेल. पण ते सोडण्यासाठी मी एकही रात्र जागून काढलेली नाही. लक्ष्मीबाईंचे सोवळे विचाराने गेले. आमचे बदलीच्या हुकमाने गेले. आणि त्याच्या जागी काही आले नाही. मुलामुलींच्या सोयरिकी जुळविण्याची वेळ आली, की मंडळाच्या वधूवर-सूचीत तेच सारे रकाने पुन्हा भरले जातात, आणि ते भरताना कोणाचा हात थबकल्याचे मी पाहिलेले नाही. परमहंस सभेतली माणसे निदान दारे तरी लावून घेत होती.

आपल्या टीकेने 'स्मृतिचित्रे'ला हसून बाजूला ठेवले, ते याच सोयीने ठेवले असावे असा मला दाट संशय आहे. 'अरुणोदया'शी वाद घालता येतो. पदमनजींची प्रमाणे नाकारता येतात आणि ग्रंथ मिटता येतो. लक्ष्मीबाई वादच करीत नाहीत. त्या फक्त सांगतात, की मला असे वाटले आणि म्हणून मी असे केले. यावर उत्तर देण्यास वाचकाजवळ काही नसते. मग तो म्हणतो, भाषा किती साधी!

शांता गोखले यांनी २०१७ साली या पुस्तकाचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर मराठी न वाचणाऱ्या कचेरीतल्या स्नेह्यांना हे पुस्तक देता येऊ लागले. माझ्या एका तमिळ स्नेह्याने ते वाचून परत करताना पहिला प्रश्न विचारला, तो टिळकांविषयी नव्हता, विनोदाविषयीही नव्हता. त्याने विचारले, त्या वडिलांचे पुढे काय झाले? ते शेवटपर्यंत धूतच राहिले काय? ज्याने 'स्मृतिचित्रे' परक्या भाषेत, कोणतीही प्रस्तावना मनात न ठेवता वाचले, त्याला पुस्तकाचे दार कोठे आहे ते लागलीच सापडले.

१९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागले. टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाई मुलाकडे कराचीस राहिल्या होत्या. मराठी मुलखापासून इतक्या दूर, की आपल्यालाही हेवा वाटू नये. तेथल्या आठवणी चौथ्या भागात येतात. तो भाग पुरा होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या वारल्या, आणि राहिलेले देवदत्तांनी, म्हणजे त्या लहान दत्तूने, लिहून पुरे केले. लक्ष्मीबाईंच्या हातचे लिखाण जेथे थांबते तेथे कोणताही निष्कर्ष नाही, प्रार्थना नाही, देवाचे आभार नाहीत. घरची हकीकत चाललेली असते आणि ती मध्येच तुटते.